डॉक्टरचं थाल, आमचं कर

२ जुलै १९३९, रविवार, अकोला

डोकं फिरलंय! चाळीस वर्षं या वऱ्हाडात रेल्वेचा पार्सलबाबू म्हणून घासलो, आणि प्रत्येकाचं तेच — "आवासकर? म्हंजे कोकनातले बामन काय जी तुमी?" नाही रे बाबांनो, बेने इस्राएल! यहुदी! खानेसुमारीवाल्यानंही हिंदूच लिहून टाकलं होतं.

आज कळलं, ताजनापेठेत एक यहुदी डॉक्टर राहायला आलाय. हिटलरच्या भीतीनं प्रागहून पळालेला. बायकोनं केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा घेऊन धावलो. एवढ्या वर्षांनी आपला माणूस! तर तो इंग्रजीत म्हणतो काय — ज्यूंची नावं बर्ग, स्टाईन, थाल अशी संपतात. 'कर' कधी ऐकलं नाही. घ्या! आता घरचेच विचारतात, तू कोण!

७ जुलै, शुक्रवार

तरी जेवायला बोलावलंच. हडकलाय बिचारा. दारात थबकला. चौकटीवरची मेझुझाची, आमच्या धर्मवचनांच्या चिठ्ठीची, डबी पाहिली, तिला बोटं लावून ओठांना लावली. बायकोनं, माणिकबाईनं, शब्बाथचे, आमच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावले तेव्हा डोळे पुसत होता.

जेवताना मी सांगितलं — वाडवडिलांनी ज्या गावी तेलाचे घाणे चालवले, त्या गावाला 'कर' लावलं. आम्ही आवासचे. तो म्हणाला, आमच्याकडे नुसतं बापाचं नाव चालायचं. मग ऑस्ट्रियाच्या बादशहाचा हुकूम सुटला, जर्मन आडनावं घ्या! बर्ग म्हणजे डोंगर, स्टाईन दगड, थाल खोरं. त्याचं नाव ब्लूमेनथाल — फुलांचं खोरं!

९ जुलै

फुलवाला शालिकराम — "फुलायचं खोरं? मंग डाक्टर मायाच भाऊबंद झाला की, बाबा!"

१६ ऑगस्ट

लोकांना सांगून सांगून तोंड दुखलं! आज शालिकरामच्या दुकानी पोलीस जमादार हार घ्यायला आला. म्हणे, "ब्लूमेनथाल? पारशी हाये काय तो?" पारशी! असा चिडलो! सगळं फोडून सांगितलं — थाल म्हणजे काय, नाव जर्मन कसं, आणि मीही यहुदीच, कर असलं तरी. "लिहून घ्या जमादार, म्हणजे पुन्हा चुकायचं नाही!" त्यानं खरंच वही काढली. चला, एक तरी शहाणा झाला.

४ सप्टेंबर

लढाई जाहीर झाली.

६ सप्टेंबर

डॉक्टरला पकडून नेलं! म्हणे जर्मन आहे, नगरला जर्मन कैद्यांच्या छावणीत धाडणार. अरे, ज्यांच्या भीतीनं पळाला त्यांच्याच सोबत कोंडता? कागदावर प्राग लिहिलंय, वाचता येत नाही? ठाण्यात घसा फुटेस्तोवर ओरडलो. फौजदार थंडपणे म्हणतो, "काका, तुम्ही कशाला मधे पडता? तुम्ही हिंदू माणूस." तिडीक गेली मस्तकात!

गजाआडून डॉक्टरनं माझा हात घट्ट धरला. "आवासकर, तुम्ही सांगा त्यांना. नाव काय असतं, तुम्हाला ठाऊक आहे."

८ सप्टेंबर, शुक्रवार

वकील घेऊन गेलो. कोण म्हणतो तो जर्मन, दाखवा! फौजदारानं खबरीचा कागद पुढे सरकवला. जमादाराचं अक्षर. खबर देणारा — आवासकर. आणि पुढे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, कुणीतरी बरोबर लिहिलंय — यहुदी.