आज सायंकाळच्या आत बॉयलरवाला मिळण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा रोजगार अधिकारी,
भंडारा.

विषय : राईस मिलचा बॉयलर चालवणारा प्रशिक्षित माणूस त्वरित मिळणेबाबत.
संदर्भ : आपण पाठवलेला उमेदवार, ज्याला मी फाटकातूनच परतवून लावले.

महोदय,

मी, लाखनी येथील राईस मिलचा मालक, सविनय कळवतो की जिल्ह्यात कारागिरांचा दुष्काळ पडला आहे. धान उकडायला वाफ लागते, आणि वाफेला जाणता माणूस.

१) आमचा बॉयलरवाला इश्वर १९७१ पासून त्याच पगारावर सुखात होता. यंदा पोळ्याला त्याने वाढ मागितली. मी वडीलकीच्या नात्याने थोबाडीत दिली, तर तो भिलाईला निघून गेला. गरज सरो, वैद्य मरो, हेच खरे.

२) आपला उमेदवार इश्वरहून जास्त मागत होता. म्हणून पोती वाहणारा मंगरू यास मी स्वतः दोन दिवसांत बॉयलर शिकवला. वाफ जास्त झाली की झडप उघडते आणि जळण फुकट जाते. सबब झडपेच्या दांडीला घरचा वरवंटा बांधण्याची युक्तीही मीच दाखवली. हंगामात असे करावे लागते.

३) परवा बॉयलर फाटला. भिंत गेली. मंगरूला उचलताना त्याचे कातडे लोकांच्या हातात आले. वरवंटा अंगणातल्या चिंचेच्या खोडात रुतलेला सापडला. माझे फार नुकसान झाले.

४) आज सकाळी मजुरांनी माझे दात पाडले, त्याबद्दल तूर्त तक्रार नाही. मला मिलच्या मागे पडून असलेल्या जुन्या, गंजलेल्या बॉयलरपुढे साखळीने बांधले असून उजवा हात अर्जापुरता मोकळा आहे. मंगरूची बायको रुखमा हिने झडपेला तोच वरवंटा बांधला आणि म्हणाली, "दोन दिसात येते म्हनत होते ना, मालक? मंग शिका आता. मी जळन टाकून राहिली."

५) काटा लाल रेघेला टेकला आहे. मला भीती वाटते. पगार आपण ठरवाल तो देईन, इश्वरचे पाय धरीन. चौकीदार हा अर्ज सायकलने आणत आहे, कृपया माणूस मोटारीने पाठवावा.

६) बॉयलर दोन दिवसांत शिकता येत नाही, हे मी लिहून देतो. रुखमाने हे वाक्य दोनदा वाचून घेतले. जळण टाकणे थांबवलेले नाही.

आपला नम्र व घाईत असलेला,
परसराम लांजेवार
मु. पो. लाखनी, ता. साकोली
दि. ११ डिसेंबर १९७९

सोबत : इश्वरचा भिलाईचा पत्ता.