पांढरी चाकं

पोर्ट वेंडल,
ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार

प्रिय कॉनी (पाकिटावर मात्र ‘आदरणीय सिस्टर कॉन्स्टन्स’ असंच लिहिलं आहे, कारण इथला पोस्टमन पत्ते वाचतो आणि मतं बनवतो),

तुला ती दुपार आठवते का, शाळेतल्या सिस्टर फिनबार यांनी आपल्याला त्यांची सायकल पुसायला बसवलं होतं ती? शिक्षा नव्हती. आपण दोघी जेवून पायरीवर नुसत्या बसलो होतो, आणि नुसतं बसलेलं त्यांना बघवत नसे. एका आऱ्याला एक ‘नमो मरिया’, असं ठरलं. पुढच्या चाकाला छत्तीस आरे. तू एकोणिसाव्याला थांबलीस आणि म्हणालीस, उरलेले प्रॉटेस्टंट आहेत. मी इतकी हसले की सिस्टरनी मागचं चाकही आपल्यालाच दिलं. त्या दिवशी काहीच घडलं नाही, म्हणूनच ती दुपार मला इतकी जवळची वाटते.

तुझी तब्येत कशी आहे? ॲडलेडच्या थंडीत हाताची बोटं सुजत होती, ती उतरली का? नव्या मदर तुला बागेत काम करू देतात ना? मी ठीक आहे. म्हणजे गुडघे, दात आणि मांजर ठीक आहेत. बाकीचं सांगायलाच हे पत्र.

माझी हिरवी सायकल तुला माहीतच आहे. चाळीस वर्षं झाली. पर्थहून, लेकीकडे आठ महिने राहून मी सप्टेंबरात परतले आणि पहिल्याच आठवड्यात वाचनालयासमोर मागच्या चाकाचे तीन आरे एकदम तुटले. फर्गस नॅन्किव्हेलनं (आपल्या वर्गात होती त्या मेव्हिसचा मुलगा, आता सायकलींचं दुकान चालवतो) रिमवर नख फिरवलं आणि म्हणाला, “काकू, ब्रेकनं घासून घासून ही पत्र्यासारखी झालीय. एखाद्या दिवशी फाटेल. आता बॅटरीची घ्या की एक.” मी घेणार नव्हते. त्याला कारण होतं. त्याच्या आधीच्याच रविवारी चर्चच्या सभागृहात मी ‘पृथ्वीसाठी सायकल’ या विषयावर वीस मिनिटं बोलले होते. जुनं फेकू नका, जुन्याला जुनं जोडा, चांगलं चाक माणसापेक्षा जास्त जगतं, असं मी (देवा, हे वाक्य!) टाळ्या घेत म्हटलं होतं. एवढं बोलून बॅटरीवर बसणं शोभलं नसतं.

आणि नेमका तो आठवडा मोठ्या कचऱ्याचा होता. तुमच्याकडे शहरात ते असतं की नाही कोण जाणे. इथे वर्षातून एकदा लोक मोडक्या खुर्च्या, गाद्या, सायकली घरासमोरच्या गवतावर काढून ठेवतात, आणि ट्रक येईपर्यंत ज्याला जे हवं ते त्यानं न विचारता न्यायचं. त्यात जानेवारीत सायकलींची शर्यत गावातून गेली होती. तेव्हा दरवर्षी घरोघरी एकेक भंगार सायकल रंगवून, टोपलीत फुलं घालून रस्त्याकडेला उभी करतात. त्या सगळ्या रंगीत सायकली आता गवतावर आल्या होत्या. जांभळ्या, पिवळ्या, एक तर ठिपक्यांची. मी पाना घेऊन हिंडले. पण सगळ्यांची चाकं माझ्यासारखीच, गंजलेली.

मग धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर ती दिसली. पूर्ण पांढरी. सीट पांढरं, पेडल पांढरी, टायरसुद्धा पांढरे. टोपलीत वाळलेली फुलं. खांबाला साखळीनं बांधलेली. (टाकून दिलेली वस्तू कुणी साखळीनं बांधतं का, असं तू आत्ता म्हणालीस. मीही आता म्हणते.) चाकं फिरवून बघितली. कॉनी, काय फिरत होती! जराही डुगडुग नाही, अजिबात आउट नाही. मी दोन्ही काढली, फुलं नीट उचलून गवतावर ठेवली आणि उरलेला सांगाडा खांबाला टेकवला. मध्येच गव्हाचा एक ट्रक हळू झाला, ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला हात केला. पाना असलेला हात.

फर्गस सुट्टीवर गेलेला, म्हणून चाकं मीच बसवली. टायर नवे, काळे. रिम आणि आरे पांढरेच राहू दिले, मला ते बरे वाटले.

आता पुढचं हसू नकोस.

माझी सायकल चाळीस वर्षं कुरकुरत आली. त्या दिवसापासून आवाज बंद. साखळी, मडगार्ड, कशाचाच नाही. स्वतःचा श्वास ऐकू येई, आणि कधीकधी तो माझाच आहे का अशी शंका येई. दुसरं मॅगपायांचं. वसंतात हे पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, त्यासाठी मी हेल्मेटवर आइस्क्रीमचा डबा बांधते आणि मागं दोन डोळे रंगवते (इथे सगळेच करतात, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही). यंदा एकही आला नाही. नीलगिरीच्या झाडांवर सातआठ जण बसलेले असत, आणि मी खालून जाताना माना वळवून गप्प बघत. मला टोचा खायची सवय आहे, कॉनी. न टोचणाऱ्या पक्ष्यांची नाही.

आणि माणसं! गाड्या मला एवढी जागा सोडून जाऊ लागल्या की रस्त्यापलीकडच्या गवतात उतरत. एका ट्रकवाल्यानं टोपी काढली. बेकरीतली मुलगी माझ्याकडे न बघता मटणाची पेस्टी हातात देऊन आत पळाली. मला वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम. खरंच वाटलं. लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा, बोललं की फरक पडतो म्हणून.

मंगळवारी सकाळी धक्क्यावर कोळ्यांकडून माकूळ आणायला निघाले. वळणाच्या त्या खांबापाशी सायकल थांबली. मी थांबवली नाही. ब्रेक दाबला नव्हता, चढ नव्हता, वारा पाठीमागून. पेडलवर उभी राहिले तरी चाक फिरेना. उतरून गावाकडे वळवली तर लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पुन्हा धक्क्याकडे वळवली. पुन्हा खांब, पुन्हा तेच.

फर्गस परतला तेव्हा त्यानं सायकल उलटी केली. “काकू, आसातले छर्रे किती आवळलेत! पिळून काढायचेत का?” म्हणाला. ढिले केले. मग त्यानं पुढचं चाक फिरवून सोडलं. आता हे नीट वाच. चाक थांबतं तेव्हा त्याची जड बाजू खाली येते, आणि जड बाजू म्हणजे व्हॉल्व्ह. हे चाक थांबलं तेव्हा व्हॉल्व्ह वर होता. त्यानं परत फिरवलं. वर. पाच वेळा. सहाव्यांदा त्यानं हातानं व्हॉल्व्ह खाली आणून सोडला, आणि तो सावकाश वर गेला. फर्गस म्हणाला, “चहा घेता?” मेव्हिसचा मुलगा आपणहून चहा विचारतो म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. रंगाबद्दल मात्र एक शब्द नाही. ते कुणीतरी सांगेल, असं सगळ्या गावाला वाटत होतं.

सांगितलं ते मर्विन ट्रेझाइसनं. प्रार्थनेनंतर खुर्च्या रचतो तो उंच, अबोल माणूस. गुरुवारी बेकरीच्या ओसरीवर तो सायकलजवळ उभा होता.

“इमेल्डा,” तो म्हणाला, “मागच्या चाकात एक आरा रंगवायचा राहिलाय. व्हॉल्व्हपासून तिसरा. बघ.”

मी वाकून बघितलं. होता. “अय्या, तुला रे कसं माहीत?” मी म्हटलं. हसत म्हटलं, कॉनी.

“तिथं हात थांबला माझा.”

मग कळलं. मी पर्थला असताना, मे महिन्यात, त्याची मुलगी लोवेना त्या वळणावर गेली. सकाळी सात वाजता, ट्रकखाली. पहाट झाली की धक्क्यावर पोहायला जायची, चौतीस वर्षांची होती. तिची सायकल धडधाकट राहिली होती, ती तिथंच त्यानं पांढरी रंगवून उभी केली, कुणी विसरू नये म्हणून. आणि मी तिची चाकं काढून पेस्ट्या आणत होते.

मी रडले. ओसरीवर, डोक्यावर डोळे रंगवलेला डबा असताना. म्हटलं, आत्ता जाऊन लावते, हातानं धुऊन लावते. त्यानं त्या आऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “लाव. पण आधी धक्क्यापर्यंत ने. चार किलोमीटर राहिले होते तिचे. मला सायकल चालवता येत नाही, गुडघा वाकत नाही ना. चार महिने मी चाकं बांधून ठेवली, तीही अगदी तिथंच.” ओसरी उतरताना म्हणाला, “शनिवारी मी सातला धक्क्यावर बसेन. तू नाही आलीस तरी मी रागावणार नाही.” हे शेवटचं त्यानं बोलायला नको होतं.

म्हणून शनिवारी मी जाणार आहे. घाबरत वगैरे नाही. सकाळची वेळ आहे, रस्ता सरळ आहे, छर्रे ढिले आहेत. चाकं परत खांबाशी लागली की मी नव्या जुन्या चाकांचं बघेन.

तुझी,
इमेल्डा

ता. क. घाबरत नाही हे खोटं. काल आणि आज दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा सायकल खांबाशी थांबली. चाकांना जायचं नाही की मला, हे एकटीला कळत नाही. तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये माळ्याची बॅटरीची सायकल आहे ना? शुक्रवारच्या बसच्या टपावर ती घालून ये, आणि शनिवारी माझ्या मागून चालव. पृथ्वीची मी माफी मागेन. मदरना सांग, मरणासन्न मैत्रीण आहे. शनिवारी कळेल की नव्हती.

ता. क. दुसरी. आणि असलीच, तर: मांजर फर्गसला (तो नाही म्हणेल, दारात सोडून या). आइस्क्रीमचा डबा बेकरीतल्या मुलीला. जपमाळ आणि आईचं लोणच्याचं भांडं तुला. हिरवा सांगाडा वाचनालयाला, पुस्तकांच्या फेऱ्यांसाठी. भाषणाचे कागद जाळावेत. चाकं दोन्ही मर्विनला. वाकली असली तर सरळ करू नयेत. आणि मी खांबापाशीच राहिले असेन, तर चाकं गाडीत घालून नेऊ नयेत. तू एक हातात धर, फर्गस दुसरं धरेल, आणि जमिनीवरून फिरवत धक्क्यापर्यंत न्या. सातला उशीर झाला तरी चालेल. तो बसलेला असेल.