सुलोचनाबाईंच्या झडपेचे दोन आकडे

४ ऑगस्ट
नुसता संताप. सुलोचनाबाईंची एमआरआयची तीच चित्रं, हृदयातली तीच गळकी झडप. गेल्या आठवड्यात सॉफ्टवेअर म्हणालं, पंचवीस टक्के रक्त मागे गळतंय. शनिवारी नवी आवृत्ती बसवली. आज तीच चित्रं उघडली तर अडतीस! पंचविसाला आम्ही थांबा म्हणतो, अडतिसाला छाती उघडतो. आमच्या विभागाच्या चीफना दाखवलं. म्हणाले, "ॲव्हरेज काढा मा." म्हणजे एकतीस-बत्तीस, ना इकडचं ना तिकडचं. मी काय चेन्नईत अड्यारच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव पाडतेय?

५ ऑगस्ट
शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनियर आला, कार्तिक. फार गोड बोलतो. "मॅडम, जुनी आवृत्ती तुमच्याच डिपार्टमेंटनं तपासलीय. दोन डॉक्टरांची मापं तंतोतंत जुळली." आलेख दाखवला. सगळे ठिपके एका रेषेत. गळती मोजायला धमनीभोवती माउसनं गोल काढायचा असतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात ती हलते. दोन माणसांचे गोल इतके जुळतील?
ते दोन डॉक्टर म्हणजे आमचे प्रभू आणि मीना. प्रभूला कँटीनमध्ये गाठलं. सांबार ओरपत म्हणाला, "मीनाचा गोल आधीच स्क्रीनवर होता. बरोबर होता. ओके पोट्टेन."
ओके दाबलं! प्रत्येक पेशंटला! वर मलाच विचारतो, चूक असता तर बदलला नसता का? शेजारच्याच्या पेपरात बघून लिहायचं आणि उत्तरं जुळली म्हणून पेढे वाटायचे. याला आम्ही तपासणी म्हणतो.

७ ऑगस्ट
सुलोचनाबाई आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, तंजावरकडच्या मराठी. मी सोलापूरची हे कळल्यापासून तमिळ हेलातल्या जुन्या मराठीतच बोलतात. चीफनी परस्पर पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन ठरवलंय.
"घरची तुळस शेजारणीस देऊन आलें. छाती चिरणं लागतं का नाही, येवढं सांगा. सरी? बरं का?"
तुळस देऊन आल्या. एका सरासरीवर. मला त्यांच्याकडे बघवेना. परत मोजते, एवढंच म्हणाले.

८ ऑगस्ट
दुपारी मीनाला धरून बसवलं. जुने गोल सगळे पुसले. नवी आवृत्ती, कोरी चित्रं, एकीनं दुसरीचं बघायचं नाही. चीफ दारातून ओरडले, "कशाला हे? डिपार्टमेंटचं नाव जाईल." जाऊ दे.
मीनाचं पस्तीस. माझं एकोणतीस.
म्हणजे इतके दिवस कंपनीवर, प्रभूवर तोंडसुख घेतलं आणि माझा हात तरी… मीना म्हणते, धमनीची कड तिथे पुसट आहे, रेघ कुठे मारायची? खरंय. शिवाय नवी आवृत्ती मध्येच काहीतरी आपोआप वजा करते, नेमकं काय ते कार्तिकलाही सांगता येत नाही. राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. जुळत नाही एवढं कागदावर लिहायला कुणाच्या पोटात का दुखावं?

१० ऑगस्ट
रिपोर्टात चारही आकडे लिहिले. खाली: यावरून ऑपरेशन ठरवू नये, पुन्हा एमआरआय करावा. चीफनी त्यावर लाल रेघ ओढली. "सर्जनला एकच नंबर लागतो."
"मग तुम्ही सही करा."
केली नाही! मी तसाच सर्जनकडे नेला. त्यांनी शुक्रवारची तारीख रद्द केली. एमआरआय पुढच्या मंगळवारी. जिंकल्यासारखं वाटलं, फिल्टर कॉफी प्यायले.

१४ ऑगस्ट
सकाळीच सुलोचनाबाईंचा फोन. मध्येमध्ये थांबत बोलत होत्या.
"जिना चढतां फार धाप लागते हो. काल रात्रीपासून जास्ती. आज व्हायचं होतं ना तें ऑपरेशन?"
म्हटलं, मंगळवार विसरा, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत या, रुग्णवाहिका पाठवतेय. बऱ्या आहेत म्हणाल्या, शेजारीण येतेय सोबत. फोन ठेवता ठेवता शिक्षिकेनं विचारावं तसं विचारलं,
"आतां वाढलं का तें, का आधीपासूनच येवढं होतं?"
मी घरचा पत्ता पुन्हा विचारून घेतला. सर्जनना सांगितलंय. एमआरआयचं मशीन रिकामं ठेवायला लावलंय. रुग्णवाहिका अजून पोचलेली नाही.