उजवीकडचं हिरवं बटण

३ मार्च, सकाळी ९.४०
हॉस्पिटलच्या अ‍ॅपमधली सगळी वाक्यं माझी. बटणांवरची, सूचनांमधली, पेशंटची चूक झाल्यावर येणारीसुद्धा. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, मजकूर जमलाय. मी खाली बघून हसलो. नम्रता अंगात असावी लागते.

५ मार्च
टेस्टिंगवालीने माझ्या मजकुरात एकतीस चुका काढल्या. म्हणे, फोनवर कुणी 'क्लिक' करत नाही. आणि 'उजवीकडचं हिरवं बटण' ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं? मी विचारलं, असे किती लोक असणार? ती म्हणाली, मोजले नाहीत. म्हणजे वाद मीच जिंकला.

६ मार्च
तरी मन मोठं करून सगळीकडे 'क्लिक'चं 'टॅप' केलं. दहा मिनिटांचं काम. दुपारी कळलं, रिसेप्शनवर हेच अ‍ॅप कॉम्प्युटरवर चालतं आणि तिथल्या बाई स्क्रीनवर बोट आपटत बसल्या होत्या. टेस्टिंगवाली म्हणाली, 'निवडा' लिहा. माउस असो, बोट असो, की-बोर्ड असो, सगळ्यांना चालतं. सुचलं मलाही होतंच. सोमवारी नक्की करणार. हिरवं बटण मात्र राहील. त्यात सौंदर्य आहे.

११ मार्च
'निवडा' राहिलंच. मीटिंगा.
ताईचा फोन आला. तिची नजर गेल्या वर्षी गेली. फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, त्यावर सगळं स्वतः करते. म्हणाली, शुक्रवारची डॉक्टरांची वेळ घेता येईना. मी घाईत होतो. म्हणालो, "सोपं आहे ताई, नीट बघ ना."
ती बरं म्हणाली आणि फोन कट झाला.
रेंज गेली असेल.

११ मार्च, संध्याकाळी
रेंज गेली नव्हती.

१४ मार्च, शनिवार
ताईकडे गेलो. शिकवायला. तिने फोन टेबलावर ठेवून आवाज वाढवला. फोन म्हणाला, वेळ पक्की करण्यासाठी उजवीकडचं हिरवं बटण टॅप करा. मग नुसतंच बटण, बटण, बटण. ताईने त्यातलं एक निवडलं. "चुकलात. नीट बघून पुन्हा प्रयत्न करा." असं चार वेळा. भावोजी आतून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, हे असलं लिहितं कोण? मी म्हणालो, दुसरं डिपार्टमेंट.
ताईने चहाचा कप चाचपून माझ्यापुढे सरकवला. शुक्रवारची वेळ हुकलीच होती. मी चार बिस्किटं खाल्ली. भूक नव्हती.

१६ मार्च
टेस्टिंगवालीच्या टेबलापाशी उभ्यानेच सांगितलं, एकतीसच्या एकतीस बरोबर. तिने बत्तिसावी दाखवली. 'चुकलात' कशाला म्हणायचं? काय राहिलंय तेवढं सांगा. दिवसभर बसलो. 'तारीख निवडलेली नाही. आधी तारीख निवडा.' बटणाचं नाव 'वेळ पक्की करा'. एवढंच तर होतं.

२७ मार्च, दुपारी
नवीन अपडेट आलं. ताईने एका झटक्यात वेळ घेतली आणि कळवायला फोन केला. ठरवलं, आता कबूल करायचं. तीन वाक्यं कागदावर काढून ठेवली होती, मुद्देसूद. पहिलं निम्मं वाचून झालं असेल.
"अरे, मला कळलं होतं," ताई म्हणाली. "आपल्या घरात असं बोलणारा तू एकटाच."
मग त्या दिवशी बोलली का नाहीस, विचारलं.
"हे समोर होते ना."
उरलेली अडीच वाक्यं वाचता आली नाहीत.