पट्ट्याच्या जाळीची व्यवस्था

मी, नथानिएल दानिएल उजागरे, वय एकसष्ट, धर्म ख्रिस्ती, राहणार शिरूर, हे स्वखुशीने लिहवून ठेवतो. माझा उजवा हात कोपरापासून नाही. पण डोकं जागेवर आहे आणि मृत्युपत्राला तेवढं पुरतं, असं वकील म्हणाले. लिहून घेणाऱ्या मिशन शाळेच्या हेलनबाई आहेत. त्यांनी माझे शब्द सौम्य करू नयेत.

१. राहतं घर आणि शेळी मुलगी लिडिया हिला. जावई योसेफ पोरगा वाईट नाही; पण तेलगिरणीत माझ्याच जागी, इंजिनाच्या त्याच उघड्या, फिरत्या पट्ट्याशेजारी उभा राहतो, वर सदऱ्याच्या बाह्या मोकळ्या. तो घरी येईपर्यंत लिडियाचा जीव टांगणीला असतो. माझाही.

२. पट्टा उघडा का, तेही लिहा. त्याला लोखंडी जाळी होती. सरकारी साहेबांनी कायदा दाखवून बसवायला लावलेली. खंडेनवमीला मालक तात्यासाहेबांनी ती पूजेसाठी काढली, हळदकुंकू वाहिलं, आणि पुजलेल्या वस्तूला कामगारांचे पाय लागतील म्हणून कचेरीत देवाच्या तसबिरीखाली टांगली. जाळी सुखरूप राहिली. दिवाळीच्या आत माझा हात गेला.

३. मालकांनी कोर्टात सांगितलं, "नथू गाणी म्हणत काम करायचा, ध्यान नव्हतं." गात होतो, खरंय. मग काय पट्ट्याची परवानगी काढायची होती? नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून वकिलांच्या घरावर नवे पत्रे चढले. सबब वकिलांना काही ठेवलेलं नाही.

४. पाळकसाहेब म्हणाले, "देवाची मर्जी." देवाला जाळी काढताना मी पाहिलं नाही. तरी माझा कोट त्यांना द्यावा. उजवी बाही कोरी करकरीत आहे.

५. हात गेल्यावर गिरणीत 'हात सांभाळा' अशी पाटी लागली, आणि ती पुसायचं काम मलाच मिळालं. पाटी मालकांची, फडकं माझं. ते तात्यासाहेबांना द्यावं.

६. हे कलम मी गेल्याबरोबर, रडारड सुरू व्हायच्या आधी वाचावं. जुनी जाळी अजून तसबिरीखालीच आहे, म्हणून हरिबा लोहाराकडून मी नवी करून घेतली आहे. ती खाटेखाली आहे. बसवू द्या म्हणून मालकांच्या किती विनवण्या केल्या! म्हणतात, "आता इंजिन चालू हाय, कसं बंद करू? सुट्टीला बघू." आणि सुट्टीला गिरणीला कुलूप, किल्ली घेऊन मालक दौंडला सासुरवाडीत. हरिबा विचारतो, "नथूमामा, ही बसायची तरी कवा?"

तात्यासाहेब भरल्या कामात एकाच गोष्टीसाठी इंजिन थांबवतात: दारावरून मयत जात असली तर. माणूस धार्मिक आहे. म्हणून माझी पेटी गिरणीवरून न्यावी. इंजिन थांबलं की पेटी दारातच उतरवावी आणि हरिबाने योसेफला घेऊन जाळीसकट आत शिरावं. जाळी बसेपर्यंत पेटी कुणी उचलू नये. मालक ओरडतील, ओरडू द्या, मला ऐकू येणार नाही. उन्हाळा असला तर थोड्या वेळाने ते स्वतःच पाना शोधून देतील.

बोल्ट मात्र योसेफनेच आवळावेत, दोन्ही हातांनी.

सही डाव्या हाताची, वाकडी, पण माझीच: नथानिएल दानिएल उजागरे
साक्षीदार: हरिबा लोहार (सही)
दगडाबाई, गिरणीतली कामगार (अंगठा)
मुक्काम शिरूर, जिल्हा पुणे. ता. २२ एप्रिल १९६१