उजवीकडे मोकळं

वेल्चफोर्ड, नॉर्थ कॅरोलिना
१४ सप्टेंबर

चि. रेवतीस बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझी आई बरी आहे, तिचे टोमॅटो बरे आहेत, शेजारच्या मिसेस लेदरवूड यांची नवी टपालपेटी बरी आहे. जुनीचं काय झालं हे विचारण्याची घाई करू नकोस.

जुलैत तू गार्लंडमामाचे डोळे तपासलेस आणि मला वाफ्यामागे नेऊन सांगितलंस, "बाबा, मामाच्या उजव्या डोळ्याची नजर गेली आहे, ती परत यायची नाही. त्याच्या पिकअपची किल्ली काढून घे." डॉक्टरीणबाई, आज्ञा शिरसावंद्य. पण सूत्र सुटसुटीत असतं आणि भाष्य लांबतं, हे तू लहानपणापासून सोसलं आहेस.

मी दुसऱ्याच दिवशी गॅरेजात गेलो. मामा गाडीखाली होता.

"गार्लंड, रेवती म्हणते तुला उजवीकडचं दिसत नाही."

"उजवीकडे माझं काय अडलंय? तीस वर्षं मोटारशर्यतीत गोल ट्रॅकवर डावीकडेच वळलो!"

देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालावी असं शास्त्र. तुझ्या मामाने जन्मभर उलटी घातली, तीही ताशी दीडशे मैलांनी, आणि देवाने फळ म्हणून तीस वर्षांत एक विजय दिला. तो कॉब्स क्रीकच्या ट्रॅकवरचा. बाकी सगळे पेट्रोल भरायला आत गेले, हा एकटा फिरत राहिला म्हणून सगळ्यांच्या पुढे गेला, तेवढ्यात पाऊस आला आणि पंचांनी शर्यत तिथेच संपवली. मामा याला डावपेच म्हणतो. तुझी आई म्हणते, "कसला डावपेच! रेडिओ बंद पडला होता त्याचा. आत ये, आत ये म्हणून बोंबलत होते ते ऐकूच आलं नाही." दर थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या आधी हा वाद कापला जातो.

असो. मामा गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"हे बघ प्रोफेसर, शर्यतीत तरी आम्हाला बाजूचं कुठे दिसतं? मान हलत नाही, आरसा थरथरतो. प्रेक्षकांच्या स्टँडच्या छतावर उभा राहून स्पॉटर रेडिओवरून कानात 'मोकळं' म्हणतो, की घातली गाडी. तू बस माझ्या उजवीकडे. तू सांग."

या ठिकाणी माझ्याकडून ठामपणाची अपेक्षा होती. मी बसलो.

ऑगस्टभर बसलो. हार्डवेअरच्या दुकानाला, चर्चला, सकाळी इकडची पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही खायला. उजवं वळण तो शक्यतो घेतच नसे. चौक ओलांडून तीन डावी घेतली की तेच साधतं, ही त्याची भूमिती. टाळता आलं नाही, की विचारी, "मोकळं?" मी "मोकळं" म्हणे, आणि तो न बघता वळे. रेवती, मी पंचवीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवतो आहे. माझ्या एका शब्दावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता. हा मोह लहान समजू नकोस. तुझ्या आईला आम्ही काही कळू दिलं नाही. म्हणजे तिला तिसऱ्या दिवशी कळलं.

आता रस्त्याकडेच्या खांबावरची ती टपालपेटी. चर्चमधलं जेवण आटोपून परतताना मी एका श्लोकाचा चौथा चरण आठवत होतो. मामाने विचारलं, "मोकळं?" मी म्हणालो, "मोकळं." चरण आठवला, पेटी गेली. मिसेस लेदरवूड टपाल काढून नुकत्याच मागे फिरल्या होत्या. कागद छातीशी धरून त्या म्हणाल्या, "गार्लंड टीग, हा तुझा दुसरा विजय समजायचा का?"

मामा हसला. मीही हसलो. मग दोघांनी उतरून पेटीचे तुकडे वेचले.

नवी पेटी आम्ही दोघांनीच बसवली. खांब रोवताना मामा म्हणाला, "तिथेच उभी होती का रे मिसेस लेदरवूड?"

"हो."

"मला दिसलीच नाही."

तुझ्या आईने मुदत घातली. "शनिवारी जुन्या ड्रायव्हरांचा सत्कार आहे, तेवढा होऊ दे. मग किल्ली. नाहीतर मी त्याच्या टायरांत खिळे ठोकीन. आणि तुझ्याही."

काल तो शनिवार झाला. मामाची जुनी लाल गाडी रंगवून आणली होती. एकेका म्हाताऱ्याने रिकाम्या ट्रॅकवर तीन फेऱ्या मारायच्या, हात हलवायचा आणि हॉटडॉग खायला जायचं. मी स्टँडच्या छतावर, कानाला रेडिओ. मामाने तीन मारल्या. मग चौथी मारली. सातवीला झेंडेवाल्याने झेंडा खाली ठेवून बसायला खुर्ची मागवली.

"मोकळं?" कानात आवाज आला.

"मोकळं."

"मागे कोण आहे?"

"कुणी नाही, गार्लंड. तू एकटाच आहेस."

त्याने आणखी एक अख्खी फेरी मारली. मग मी म्हणालो, "आत ये, गार्लंड."

तो आला. मी धापा टाकत खाली पोचलो, तर खिडकीची जाळी सोडून म्हणाला, "रेडिओ बंद पडला म्हणून सांगणार होतो."

"मग?"

"कॉब्स क्रीकला खरंच बंद होता रे. तुझ्या नेडीनला सांगू नकोस." तूही आईला सांगू नकोस.

मी हात पुढे केला. "किल्ली."

"हिला किल्ली नसते, प्रोफेसर. बटण असतं. इतकी वर्षं आमच्यात राहून काय शिकलास?"

दार नसलेल्या या गाडीच्या खिडकीतून बाहेर पडायचं तर आधी स्टीअरिंग काढावं लागतं, हे तुला मी काय सांगणार. मामाने ते काढलं, पण नेहमीसारखं समोर ठेवलं नाही. माझ्या हातात दिलं. त्याला तारेने पिकअपची किल्ली बांधलेली होती. तार चांगली पिळून बसवली होती; हे काम ट्रॅकवर उतरण्याआधीच झालं असणार.

परतताना पिकअप मी चालवली, ताशी पस्तीस मैलांनी. मामा माझ्या उजवीकडे बसून लगेच कामाला लागला.

"उजवीकडे मोकळं," तो म्हणाला.

उजवीकडे कोंबड्यांनी भरलेला ट्रक होता. मी "बरं" म्हणालो आणि थांबलो.

घराकडे यायला एक उजवं वळण लागतं. ते मी घेतलं नाही. चौक ओलांडून तीन डावी घेतली.

डाव्या आसनावरून,
तुझा
बाबा