भिंतीवरच्या रेघा

रोहिणी,

तू सिन्नरहून तुझी भांडी न्यायला येशील तेव्हा मी घरी नसेन. पुरात अडकलेल्या गावांना धान्य पोचवायला आमच्या कंपनीचं हेलिकॉप्टर पैसे न घेता जातंय आणि आम्ही मेकॅनिकही सुट्टी टाकून सोबत निघालोय. सुट्टीवरून आता पुन्हा सुरू होऊ नकोस. तिथे माणसं छपरांवर बसलीत.

फ्रिजमध्ये वरण आहे, जेवून जा. कुकर जड आहे, एसटीत मांडीवर घेऊन बसू नकोस.

स्वयंपाकघरात टांगलेल्या प्रत्येक वस्तूभोवती मी भिंतीवर रंगाने रेघ मारली, तेव्हा तू चिडली होतीस. "अश्विन, हे घर आहे, हँगर नाही!" पण हँगरमध्ये हत्यारांभोवती अशाच रेघा असतात; एका पान्याची जागा रिकामी दिसली, तरी तो सापडेपर्यंत आम्ही हेलिकॉप्टर उडू देत नाही. पाना इंजिनात राहून गेला तर माणसं जातात. ती सवय घरीही सुटत नाही.

तुला हवं ते ने. कढई, किसणी, तुझ्या आईने दिलेला तवा. काय काय नेलंस ते सांगायची गरज नाही, आल्यावर भिंतीवर दिसेलच मला. रेघा पुसायला थिनर काढला होता. परत कपाटात ठेवून दिला.

जाताना दार नुसतं ओढून घे, लॅच आपोआप लागतं. तुझी किल्ली मात्र दारामागच्या खिळ्याला अडकवून जाऊ नकोस. तिथेही तिची रेघ आहे. ती एक जागा रिकामीच राहू दे.

अश्विन